तुमच्या नावाचं आमचं बाळ

तीर्थरूप आत्या,

तुम्हाला आम्हा सगळ्यांचा वाकून नमस्कार. (सगळ्यांचा म्हणजे माझा आणि हिचा. बाळाचा तूर्त धरू नये. तिला वाकता येत नाही, आणि उताणं पडून केलेला नमस्कार तुम्हाला चालणार नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? वरच्या मजल्यावरच्या बाई अजून निथळते कपडे तुमच्या गॅलरीवर वाळत घालतात, की तुम्ही त्यांच्याशी बोललात? बोलला असाल तर त्या बाईंची तब्येत कशी आहे तेही कळवा. पाकिटावर तुमच्या नावाआधी 'श्रीमती' मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, कारण 'श्री.' लिहून आलेली पत्रं तुम्ही न फोडता परत पाठवता हे मला ठाऊक आहे. इकडे सर्व ठीक. जे ठीक नाही ते पुढे सविस्तर लिहितो, तेव्हा आधी खुर्चीत नीट टेकून घ्यावं.

मुलगी झाल्याचं फोनवर कळवलंच होतं. ती आता उत्तम आहे. हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आली आहे, आणि आवाज असा की आमच्या खात्यात तिला आजच चिकटवता येईल. फक्त तिला अजून नाव नाही. म्हणजे नाव आहे, पण मी ते पक्कं होऊ दिलेलं नाही. ते नाव तुमचं आहे. (म्हणून या पत्रात ते कुठेही लिहीत नाही. तुम्हाला ते पाठ आहे, शाई कशाला घालवा.)

हिने ते ठरवलं तेव्हा बाळ अजून पोटातच होतं. मुलगा झाला तरी हे नाव चालेल, मुलगी झाली तरी चालेल, आणि वर ते आत्यांचं, असा हिचा विचार. मी ताबडतोब हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. स्वयंपाकघराला जांभळा रंग द्यायलाही मी हो म्हटलं, आणि आज आम्ही चेहऱ्यावर जांभळी छटा घेऊन जेवतो. ही रोज संध्याकाळी पोटावर हात ठेवून बाळाला त्याच नावाने दिवसभराच्या बातम्या सांगायची, त्यात माझ्या तक्रारीही असायच्या, आणि मी शेजारी बसून त्या ऐकायचो. सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाळ जन्मलं आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, नाव काय ठेवणार? हिने सांगितलं. नर्सबाई खूश होऊन म्हणाल्या, अरे वा, मुलगा! आत्या, या बाईंनी आत्ताच बाळाला स्वतःच्या हातांनी पुसून, दुपट्यात गुंडाळून आणलं होतं. त्यांच्यापेक्षा जास्त माहिती त्या घटकेला जगात कोणालाही नव्हती. तरी नाव ऐकलं आणि बाई सगळं विसरल्या. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

माझा मेहुणा आला, त्याने पालीला खाऊपिऊ घातलं. तो म्हणाला, शाळेत हिला मुलांच्या रांगेत उभं करतील. मी म्हटलं, करू देत. तो म्हणाला, मग मुलांच्या फुटबॉल संघात घालतील. मी म्हटलं, घालू देत. तो म्हणाला, आणि कप्तान केलं तर? मी हिशेब करू लागलो. कप्तान झाली की गोल खाल्ल्याचा दोष तिच्यावर, मग गावभर बोलणी, मग मी मैदानाच्या कडेला उभा राहून लोकांशी भांडणार, आणि मला तर भांडता येत नाही. (तुम्हाला माहीत आहे. माझी शाळेतली सगळी भांडणं तुम्हीच येऊन मिटवलीत.) अशी माझी झोप उडाली.

आता माझं काम तुम्हाला माहीतच आहे. बसस्थानकावर घोषणा करणं. (साहेब त्याला 'नुसतं बोलणं' म्हणतात.) काचेची एक खोली, एक खुर्ची, एक मायक्रोफोन आणि एक टेबलपंखा. बोलताना पंखा बंद करावा लागतो, नाहीतर सगळ्या बसेस वादळात सुटल्यासारख्या वाटतात. या खोलीत बसून मी एकच गोष्ट शिकलो आहे, की नाव पुकारलं की ज्याचं त्याने उठावं आणि बाकीच्यांनी बसून राहावं. म्हणून मी ठरवलं की घरात डोकं पिकवण्यापेक्षा नावाची रीतसर परीक्षाच घेऊ. एका निवांत दुपारी पंखा बंद केला आणि तुमचं नाव घेऊन पुकारलं, या नावाचे प्रवासी असतील त्यांनी चौकशीच्या खिडकीवर यावं, महत्त्वाचं काम आहे. पुरुष आला तर नाव पुरुषाचं, बाई आली तर बाईचं. इतकी साधी, सरळ, शास्त्रीय पद्धत.

दोघं आले. एकदमच आले, आणि दारात अडकले. एक होते भरघोस मिशांचे, रुंद खांद्यांचे गृहस्थ, आणि दुसऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई. मलाच बोलावलंय, असं दोघंही सांगू लागले. मी म्हटलं, प्रवाशांच्या नावांची पाहणी चालू आहे, दोन प्रश्न आहेत, कृपया बसा. मिशावाल्यांना विचारलं, या नावाचा कधी त्रास झाला? ते म्हणाले, नाही बुवा. नाव वाचून त्यांना मुलींच्या वसतिगृहाचे अधीक्षक म्हणून नेमलं होतं. पहिल्या दिवशी खोलीत फुलाफुलांचे पडदे, मोठा आरसा आणि शिलाई मशीन तयार होतं. चूक सांगायला कोणाची जीभ रेटेना, म्हणून ते तिथेच राहिले, आणि निवृत्त होईपर्यंत राहिले. मशीन पडून आहे म्हणून शिवण शिकले. अंगातला शर्ट त्यांनीच शिवलेला होता. (कॉलर अप्रतिम होती. मी दोनदा हात लावून पाहिला.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या पाटीवरचं नाव वाचून काही लोक निर्धास्त आत येतात, त्यांना बघून गडबडतात आणि तोंड घट्ट मिटून घेतात. मग त्या शांतपणे वर्तमानपत्र वाचतात. दाढ दुखायला लागली की तोंड आपोआप उघडतं.

मला पश्चात्ताप हवा होता, आत्या. एखादा हुंदका, निदान एक उसासा. दोघांपैकी कोणीही दिला नाही. उलट माझ्या पाहणीपायी दोघांच्याही बसेस चुकल्या आणि ते बाहेरच्या बाकावर गप्पा मारत बसले. बरोबरीत सुटला म्हणून सामना पुन्हा खेळवावा, तसं मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पुकारलं. पुन्हा तेच दोघं, आणि मागोमाग कँटीनवाल्या बाईंचा तपकिरी कुत्रा. मी त्याला इतके दिवस 'हट' म्हणून ओळखत होतो. गळ्यातल्या पट्ट्यावर पाहिलं तर तुमचं नाव. (राग मानू नये. कुत्रा अत्यंत सभ्य आहे आणि रांगेत उभा राहतो.)

पुढे हे रोजचंच झालं. मी पुकारायचो, कारण तिसरा कोणी माणूस येईल आणि निकाल लागेल असं मला वाटायचं. ते दोघं यायचे, कारण मी पुकारायचो. एके दिवशी पुकारायला उशीर झाला तर मिशावाले खिडकीवर येऊन, आज आमचं नाव नाही का, असं नाराजीने विचारून गेले. आणि मग दोघांनी लग्न ठरवलं. पत्रिका छापायला दिली तर छापखानेवाल्याला वाटलं की एकच नाव चुकून दोनदा आलं आहे, त्याने एक काढून टाकलं. आता पत्रिका वाचून असं वाटतं की एक व्यक्ती स्वतःशीच लग्न करत आहे आणि सर्वांनी येऊन आशीर्वाद द्यावेत.

घरी यातलं काहीही माहीत नव्हतं. घरी मी वेगळाच उद्योग करत होतो. ही अंघोळीला गेली की मी बाळाला रोज एका नव्या नावाने हाक मारून बघायचो. नाजूक नावं, फुलांची नावं, ऐकताक्षणी मुलगी आहे हे कळावं अशी नावं. बाळ छताकडे बघायचं. एका नावाला तर तिने प्यालेलं दूध बाहेर काढलं. अशातच शेजारच्या काकू गावाहून परतल्या आणि हिला म्हणाल्या, तुझे यजमान म्हणे स्थानकावर रोज दुपारी तुमच्या मुलीचं नाव पुकारतात ते का गं? हरवली होती का?

झालं. ही बाळाला खांद्यावर घेऊन थेट माझ्या काचेच्या खोलीत हजर. हातातली दुपट्यांची पिशवी तिने टेबलावर आदळली, ती नेमकी मायक्रोफोनच्या बटणावर. मला ते दिसलं नाही. माझी नजर तेव्हा जमिनीवर होती. मी फुटबॉल, कप्तान, नर्सबाई, सगळं एका दमात सांगितलं. म्हटलं, नावावरून लोकांना कळायला नको का ती कोण आहे? त्यावर ही जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"तुमच्या घरात मी नवीन आले तेव्हा सगळे मला 'अगं' म्हणायचे. अगं इकडे ये, अगं ते दे. माझं नाव काय हे महिनाभर कुणी विचारलं नाही. आत्या दोन दिवसांसाठी आल्या आणि दारातच म्हणाल्या, तुला काय म्हणू? काय म्हटलेलं आवडेल तुला? मुलगी असो की मुलगा, मला तसं माणूस हवं होतं घरात. म्हणून ते नाव."

एवढं बोलून ती थांबली, आणि मला जाणवलं की बाहेर अजिबात आवाज नाही. काचेतून पाहिलं तर सगळं स्थानक भोंग्यांकडे तोंड करून उभं. चालकांनी इंजिनं बंद केली होती. कँटीनवाल्या बाईंनी किटली हातातच धरली होती. मिशावाले स्वतः शिवलेल्या रुमालाने डोळे पुसत होते आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी पिशवी उचलली. मग कुठल्याशा बसने लांबलचक हॉर्न दिला आणि साहेब जिना उतरताना दिसले.

मला लाज वाटली, आत्या. मी हिला म्हटलं, ठीक आहे, तेच नाव ठेवू. तर ही म्हणाली, आता तसं नको. नाव ज्यांचं आहे त्यांना विचारा. त्या नको म्हणाल्या तर मी दुसरं शोधेन. आणि त्या दिवसापासून ती बाळाला त्या नावाने हाक मारत नाही. दुसऱ्या कुठल्या नावानेही नाही. नुसतं 'अगं' म्हणते. अगं इकडे बघ, अगं झोप आता. बाळ हिच्या तोंडाकडे टकामका बघत राहतं, जणू पुढचं काहीतरी यायचं राहिलं आहे. मला ते बघवत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच. आपला होकार असावा ही नम्र विनंती. तब्येतीला जपावं, गुडघ्यावर फार भार देऊ नये.

आपला आज्ञाधारक भाचा

ता.क. साहेबांनी लेखी खुलासा मागितला आहे, की खासगी बाब कोणाच्या परवानगीने प्रसारित केली. मी 'आत्यांच्या' असं लिहून दिलं आहे. साहेबांचा फोन आला तर सांभाळून घ्यावं. म्हणजे त्यांना सांभाळून घ्यावं.

आणखी ता.क. मिशावाले आणि डॉक्टरीणबाई तुम्हाला लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण देत आहेत. तुमच्या नावाच्या माणसांसाठी वेगळी रांग ठेवणार आहेत. कुत्र्याची जागा तुमच्या शेजारी नसेल याची मी खात्री करून घेतली आहे.

शेवटचा ता.क. (ही पत्र वाचायला मागेल, म्हणून हे वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून पाकिटात सरकवतो आहे.) वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण खरं कारण त्यात नाही. मुलगा की मुलगी, फुटबॉल, कप्तान, हे सगळं मी स्वतःला सांगत होतो. माझी अडचण वेगळीच आहे. काल घरात कोणी नसताना बाळाने माझा चष्मा ओढून एक दांडी मोडली. आता दटावलंच पाहिजे म्हणून मी हिंमत करून तुमच्या नावाने हाक मारली. हाक मारली आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. मग माझ्या तोंडून निघालं, "असू द्या, असू द्या, दुसरा आणता येईल." तिने दुसरी दांडीही मोडली आणि मी तिला थँक्यू म्हणालो. तिला अजून दातही आलेले नाहीत आणि माझी ही अवस्था, तर ती चालायला लागल्यावर माझं काय होईल? तेव्हा होकार पत्राने कळवू नका. स्वतः या, आणि माझ्यासमोर तिला त्या नावाने एकदा चांगलं खडसावा, म्हणजे त्या नावाच्या माणसाला कोणी रागावू शकतं हे मला याची देही दिसेल. लवकर या. हिला ते नाव पुन्हा तोंडात हवं आहे, आणि मलाही जरा खाली बसायचं आहे.