उशिराचा दाखला

प्रिय सेत्सुको,

तुझं कार्ड येऊन आठ दिवस झाले. वीस तारखेला माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात चार शब्द बोलू का, असं तू विचारलंस आणि मी हो की नाही काहीच कळवलं नाही. रागावली असशील. पण तू बोलण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती लिहायला बसलं की मला नेमकी राहिलेली भांडी आठवतात. आज भांडी घासून झाली आहेत, तेव्हा पळवाट उरलेली नाही.

इकडे कालपासून पुन्हा बर्फ पडतोय. ह्यांची कंबर यंदाही ऐन वेळी धरली, त्यामुळे फावडं घेऊन छपरावर मीच. हे खाली उभे राहून इकडचं राहिलं, तिकडचं राहिलं, असं सांगत असतात. एकसष्ट वर्षांची बाई छपरावर आणि नवरा खाली मुकादम. खरं सांगू, मी थकले गं. आपल्या वृद्धाश्रमातल्या कामाने नाही, त्या कामापर्यंत पोचण्याने. सव्वीस हिवाळे दारापुढचा बर्फ उपसायचा, स्टेशनपर्यंत पाय ओढत जायचं, दोन डब्यांच्या गाडीची वाट बघायची, आणि उतरल्यावर बस नसेल तर पुन्हा चालायचं. म्हाताऱ्यांना उचलताना, न्हाऊ घालताना मी कधी कुरकुर केली नाही. माझं सगळं बळ तिथे पोचेपर्यंतच संपायचं.

अकरा वर्षांपूर्वीचं ते वादळ. आदल्या दुपारपासून गाड्या बंद होत्या. रात्रपाळी तुझी होती, सकाळची माझी. सकाळची बाई येऊन उभी राहिल्याशिवाय रात्रीच्या बाईने अ‍ॅप्रन सोडायचा नाही, हा आपला नियम. अठरा म्हातारी माणसं टाकून कुणी जाऊच शकत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. मला सातला तुला सोडवायचं होतं. दार उघडेना म्हणून मी मागच्या खिडकीतून बाहेर पडले आणि सव्वासहाला कशीबशी स्टेशनवर पोचले.

प्रतीक्षागृहात रॉकेलची शेगडी होती. स्टेशनमास्तर शिराईंनी उशिराच्या दाखल्यांची चळत आधीच टेबलावर आणून ठेवली होती. गाडीला झालेला उशीर लिहिलेला तो बोटभर कागद दाखवला, की आपल्याकडे कुठलाही साहेब पुढे प्रश्न विचारत नाही. माणसावर विश्वास असो नसो, त्या कागदावर सगळ्यांचा असतो. मी शेगडीपाशी बसले. बूट ओले, कंबरेत उसण. पहिली गाडी आली ती आठला दहा कमी असताना. बाकावरचे सगळे उठले. मी उठले नाही.

शिराई दारातून म्हणाले, "फुमिएबाई, गाडी लागलीये. उठा की."

मी म्हटलं, "भरलेली दिसतेय. पुढची घेते."

"भरलेली कुठली, अर्धी रिकामी आहे," ते म्हणाले. मी पाय शेगडीच्या आणखी जवळ सरकवले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिट्टी दिली.

मला झोप लागली नव्हती. मी आजारी नव्हते. मला फक्त बसायचं होतं. सेत्सुकोच्या घरी कोण तिची वाट बघतंय, थांबेल थोडी, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं. पुढची गाडी ऐंशी मिनिटांनी आली. दाखला मी दोन्ही गाड्या मिळून झालेल्या उशिराचा घेतला.

पुढचं तुला माहीत आहे. बस बंद होती, म्हणून मी कंबरभर बर्फातून चालत आले, दोनदा पडले. ते सगळं खरं होतं. तू कोट घालून दारात उभी होतीस, अ‍ॅप्रन हातात. आईची तब्येत ढासळल्याचा हॉस्पिटलचा फोन तुला सातलाच येऊन गेला होता, हे मला तेव्हा कळलं. तू माझे ओले हात धरून म्हणालीस, "एवढ्या बर्फातून तू आलीस. हे मी विसरणार नाही." आणि पळालीस. दुपारी व्यवस्थापक कसेबसे पोचले तेव्हा त्यांना मी दाखला दिला, तर त्यांनी तो न बघताच परत केला. म्हणाले, तुम्ही आलात हेच खूप.

तू पोचायच्या चाळीस मिनिटं आधी आई गेल्या, हे संध्याकाळी कळलं. अंत्यविधीला उदबत्ती लावताना माझ्या डोक्यात फक्त ऐंशी आणि चाळीस हे दोन आकडे होते. तू मात्र तुझ्या मावश्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होतीस, हीच ती. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. तेव्हापासून दर जानेवारीत तुझ्याकडून सफरचंदांची पेटी येते. अकरा वर्षांत त्यातलं एकही मी खाल्लेलं नाही. शेजारी वाटून टाकते.

आता तू कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहेस की वीस तारखेला तू त्याच दिवसाची गोष्ट सांगणार आहेस, दर हिवाळ्यात नव्या मुलींनाही तीच सांगतेस. ती गोष्ट तुझ्या तोंडून तीस माणसांसमोर ऐकत, पुन्हा मान खाली घालून बसणं मला जमणार नाही. म्हणून हे पत्र. सोबत तो दाखला ठेवला आहे. त्यावर लिहिलेल्या उशिरातली शेवटची ऐंशी मिनिटं बर्फाची नाहीत, माझी आहेत. आईला तू भेटू शकली असतीस. माफी कोणत्या तोंडाने मागू ते कळत नाही, पण मागते. तुझी खुर्ची माझ्या शेजारीच मांडायला सांगितली आहे. आलीस तर काही बोलू नकोस, नुसती बस. नाही आलीस तरी मी समजेन. यंदाची पेटी परवा आली, अजून उघडलेली नाही. ठेवू की परत पाठवू, तेवढं मात्र कळव.

अजून म्हणवत असेल तर तुझीच,
फुमिए