उरलेलं चित्रण

चि. पुतणोबा, काकाचे आशीर्वाद.

गाणं रेडिओवरही ऐकू येतं रे. वाजवणाऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून मैफलीचा चित्रपट पाहायचा. शाळेत गुरुजी कविता म्हणायचे, तेव्हा अर्थ आधी त्यांच्या डोळ्यांत उतरायचा, तसंच हे. तुझ्या चित्रपटात माझ्या पोराचे पियानोवरचे हातच दिसले. म्हणून तुझ्याकडून मागवलेलं उरलेलं चित्रण काल पाहिलं. शेवटच्या गाण्यात त्याच्या पापण्या मिटतायत, मान लवतेय. त्याच रात्री मैफलीवरून परतायला त्याने गाडी काढली, आणि झाडावर आदळून जागीच गेला.

दृष्टी गेलेली तुझी काकू शेजारीच होती. "अहो, हसतोय का हो?"

"दात काढतोय नुसता."

"लबाड! बापावर गेलाय."

हे पत्र टाकणार नाही. टाकलं, तर विचारावं लागेल: कॅमेऱ्यातून तुला त्याची झोप दिसली होती ना रे?

तुझाच,
काका