पाठ नसलेली टाकी

१३ जुलै, रविवार

ठरलं. भिंत नाही, पडदा नाही — माशांची टाकी!

सुचलं राजेशला. गेले काही दिवस आम्ही दोघं या एकाच प्रश्नावर डोकं खाजवतोय. वेगळं तर व्हायचं, पण राहायचं इथेच, परळच्या याच घरात. दुसरीकडे कोणी राहायला गेलं की त्याच्या आईंना कळणार, आईंना कळलं की अख्ख्या काळाचौकीला कळणार. सासरे जाऊन वर्ष होतंय. आईंना एवढ्यात हे ऐकवायचं नाही, हे दोघांनाही मान्य. सगळं मान्यच असतं आमचं.

मग हॉलचेच दोन भाग. खिडकीकडचा माझा, दाराकडचा त्याचा. किचन-बाथरूम वेळा ठरवून. मधे विटांची भिंत घातली तर सोसायटीचा सेक्रेटरी दहा प्रश्न विचारणार, वर राजेशच्या बाजूला भर दिवसा अंधार. कपाट आडवं टाकलं तरी तेच. पडदा लावला तर आई एका नजरेत ओळखतील. काचेची टाकी असली की उजेड आरपार, आणि बघणाऱ्याला वाटतं हौस!

"वेगळं का?" असं कोणी विचारलं तर काय सांगणार? मारझोड नाही, बाहेर कोणी नाही. मूल झालं नाही, मग उपचार थांबवले, मग हळूहळू बोलायलाच काही उरलं नाही. एवढंच. मला काही फार वाटतही नाहीये.

१५ जुलै

टाकी भरली की हलवता येत नाही म्हणे. चांगलं आहे.

१९ जुलै, शनिवार

घोडपदेवला गेलो. तिथे अमित नावाचा एक जण टाक्या बनवून देतो, स्टँडसकट. गाळ्यात सगळीकडे काचा आणि सिलिकॉनचा आंबूस वास. माझं डोकंच चढलं.

अमितनं माप लिहून घेतलं आणि म्हणाला, "भिंतीला लावणार ना? मागे निळा कागद चिकटवून देतो, मस्त दिसतो."

राजेश म्हणाला, "भिंत नाही. हॉलच्या मधोमध."

"म्हणजे दोन्हीकडून बघणार? मग हिला पाठ कुठली?"

त्यानं समजावलं — पाइप, फिल्टर, वायरी, ही सगळी घाण पाठीमागे लपवायची असते. टाकीला एक तोंड असतं, एक पाठ असते. "भाऊ, कुठलीतरी एक बाजू ठरवा ना!"

मी म्हटलं पाठ राजेशकडे. तो म्हणाला का, माझ्याकडे का? शेवटी अमितनंच तोडगा काढला. टाकी भिंतीपासून आडवी निघणार, तर भिंतीला टेकणाऱ्या अरुंद कडेला एक खोका करायचा, पाइप सगळे त्यात. दोन्ही बाजूंना तोंडं.

"वहिनी, सॉलिड आयडिया आहे हां. असं जोडपं पहिल्यांदाच बघतोय." मी म्हटलं, "हो ना."

२४ जुलै

स्टँडवरून वाद. मला ते उंच हवंय, इतकं की पलंगावर बसलं तर पलीकडच्याचं तोंड दिसू नये. अमितला फोन केला. तो म्हणे, "मग मासे काय उभ्याने बघणार? आणि एवढं पाणी एवढ्या उंच ठेवलं तर मी रात्री झोपू शकणार नाही, वहिनी." राजेश हसला. मला नाही आलं हसू.

मधलं माप ठरलं. खाली लोखंडी पाइप, वर प्लाय, दोन कप्पे. एकाचं दार माझ्याकडून उघडणार, एकाचं त्याच्याकडून. कप्प्यांच्या मधे फळी. राजेशनं सगळं कागदावर काढलं, स्केचपेननं. माझी बाजू हिरवी, त्याची निळी. लहान मुलाची चित्रकला!

२ ऑगस्ट, शनिवार

आज मी दुधी रंगाच्या फिल्मचा विषय काढला. माझ्या बाजूच्या काचेला लावली की उजेड येईल, माणूस दिसणार नाही. राजेश म्हणाला, "मग भिंतच घाल ना. मासे बिचारे अर्धेच दिसणार का?"

"तुला माशांचं एवढं काय पडलंय?"

"आपणच आणतोय ना त्यांना."

फिल्म रद्द. त्याऐवजी दाट पाणगवत, लांब पात्यांचं, वरपर्यंत वाढणारं. दोघांनाही मान्य.

एक नोंद करून ठेवते. रोज जेवण झाल्यावर आम्ही तो कागद घेऊन बसतो. गेल्या वर्षभरात बोललो नसू एवढं या पंधरा दिवसांत बोललो. विषय अर्थात टाकी. दुसरं काही नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

बसली टाकी! अमित आणि त्याची दोन माणसं. लिफ्टमध्ये मावेना, जिन्यानं आणली, मजल्यामजल्यावर शेजारी बाहेर. "वा, अपूर्वा! घरात समुद्र!" मी हसून सगळ्यांना हो हो केलं.

पाणी भरलं, वाळू घातली, पाणगवत लावलं. मासे इतक्यात नाहीत. अमित म्हणाला पाणी मुरायला हवं, नवीन पाण्यात टाकले तर मरतील. "घाई करू नका, गणपती होऊन जाऊ दे, मग मी मासे घेऊन येतो." तोवर नुसता पंप चालणार. बुडबुड बुडबुड, दिवसभर.

राजेश आज पलीकडे झोपलाय. गवत अजून खुरटं आहे, त्याचा मोबाईल दिसतो चमकताना. ठीक आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आई आल्या, काळाचौकीहून, मूर्ती मांडीवर घेऊन टॅक्सीतून. चाळीतली खोली लहान, म्हणून दीड दिवसाचा गणपती आता इथे बसतो. मूर्ती मात्र त्याच आणतात, त्यांच्या नेहमीच्या माणसाकडून, शाडूचीच.

सकाळीच राजेशची गादी, उशी, चार्जर सगळं माझ्या बाजूला आणून टाकलं. संसार दाखवायला किती सामान लागतं!

आई आत येताच टाकीसमोर थबकल्या. "ह्यां काय मधीच?"

"शोभेची आहे, आई."

"मासे खंय?"

"येणार आहेत. पाणी मुरतंय."

"बरां," म्हणाल्या, आणि पदर खोचून मोदकाचं पीठ बघायला गेल्या.

२८ ऑगस्ट, गुरुवार

देवा रे देवा!

उत्तरपूजा झाली. राजेश खाली टॅक्सी बघायला गेला, कृत्रिम तलाव काही लांब नाही, पण आईंचा गुडघा. मी किचनमध्ये शिदोरीचे दहीपोहे बांधत होते. आणि हॉलमधून — डुबुक! पाठोपाठ आईंचा आवाज, "गणपती बाप्पा मोरया!"

बाहेर आले तर आई स्टुलावर उभ्या, कोपरापर्यंत ओल्या, आणि बाप्पा टाकीच्या तळाशी. पाणगवताच्या मधोमध बसलेले, तोंड माझ्या खिडकीकडे.

"आई, हे काय केलंत!"

"काय म्हंजे? बादलीत करतत ना लोकां? ह्यां तर केवढां पाणी! मासे पण नाय अजून. माझो पाय दुखता, कोण जाता त्या गर्दीत?"

राजेश वर आला, बघतच राहिला. मग तोही मोरया म्हणाला. दुसरं काय म्हणणार? आरती झाली, टाकीला ओवाळून. शाडू आहे, उद्यापर्यंत विरघळेल, मग पाणी बदलू. अमितला काय सांगायचं ते बघू.

३० ऑगस्ट

विरघळला नाही. सोंडेचं केशरी आणि पितांबराचं पिवळं तेवढं सुटलं. पाणी सरबतासारखं झालंय. मूर्ती जशीच्या तशी.

राजेश म्हणाला, "आई, ही शाडूची नाही. प्लास्टरची आहे."

"फसवलान मेल्यान!" आई म्हणाल्या. "पण अर्ध्या विसर्जनातना देवाक काढूचो नाय. आणि तो विरघळल्याशिवाय मी पण घरी जाऊचंय नाय."

३१ ऑगस्ट, रविवार

आई राजेशच्या बाजूला झोपतात, बाथरूम जवळ पडतं म्हणून. म्हणजे राजेश इकडे. एकाच पंख्याखाली. त्याची पाठ माझ्याकडे, माझी त्याच्याकडे.

२ सप्टेंबर, मंगळवार

राजेशनं कुठेतरी वाचलं, सोड्यानं प्लास्टर सुटतं. आई खाली भाजीला गेल्यावर आम्ही खायच्या सोड्याच्या पुड्यांवर पुड्या टाकीत ओतल्या. फसफसून फेस आला, झाकणातून बाहेर, स्टँडवरून खाली, माझ्या कप्प्यात. टॉवेल घेऊन पुसतोय आणि बाप्पा आत शांत बसलेले! राजेशला हसू फुटलं, मलाही. जमिनीवर बसून पोट धरधरून हसलो. तेवढ्यात आई परत आल्या. "काय झालां?" राजेशनं ओला टॉवेल पाठीमागे लपवला.

मूर्तीचा एक कान सुद्धा गेला नाही.

बरं वाटलं मात्र. हसून बरं वाटतंच कोणालाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

आईंना सगळं ठाऊक आहे!

राजेश ऑफिसला गेल्यावर चहा पिता पिता म्हणाल्या, आवाज न चढवता. "अपूर्वा गो, जुलैत मी आल्लंय तेव्हा फ्रीजात दोन दुधाची पातेली. एकात तुझां, एकात त्याचां. नवरा-बायकोचां दूध कधीपासून वेगळां झालां?"

मी कपावरची साय बोटानं काढत बसले.

"आणि मूर्ती वजनान कळता. शाडूची जड, प्लास्टरची हलकी. एवढी वर्सां हातात घेतंय, माका कळाचा नाय? मुद्दामच घेतलंय. बादलीत सोडून इकडेच ऱ्हवूचां ठरवलेलां, आणि बघतंय तर ही टाकी. तलावात न्हेलो असतो तर तुमी परत आपापल्या बाजूक. म्हटलां, बसांदे त्याका मधीच. बघूया त्याका उठवून कोण मासे सोडता ते."

डोळ्यांना पदर लावला त्यांनी. म्हणाल्या, देवाशी खोटं वागले, तो बघून घेईल. मला राग यायला हवा होता. नाही आला. लाज वाटली फक्त.

संध्याकाळी राजेशलाही तेच सांगितलं. तो उठून टाकीसमोर जाऊन उभा राहिला.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

आई सकाळीच घरी गेल्या. "आता दोघांनी मिळून न्हेवा त्याका," एवढंच सांगून.

मी हात घालून मूर्ती काढली, राजेशनं खालून धरली. नव्या टॉवेलात गुंडाळून पायी गेलो. बाहेर ढोल, गुलाल, माणसांचा पूर, आणि आमच्या हातात रंग उडालेला पांढराफटक बाप्पा. तलावावरच्या कार्यकर्त्यानं विचारलं, "काय ओ, दीड दिवसाचा दिसतो. इतका उशीर?" राजेश म्हणाला, "घरात रमला होता." गर्दीत त्यानं माझा दंड धरला होता. परत येईपर्यंत सोडला नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

राजेश म्हणाला, "अपू, आईला कळलंच आहे. मग आता हे नाटक कशाला?"

माझ्या मनात आलं — आलं खरं, खोटं कशाला लिहू — की आता हा म्हणेल, टाकी काढून टाकू.

तो म्हणाला, त्याचा एक मित्र दुबईला चाललाय, माहीमची खोली रिकामी आहे. रविवारी जाईन. तुला अख्खं घर मिळेल, मधे काच नको न काही नको.

बरोबरच आहे त्याचं. लपवायचं होतं म्हणून टाकी. आता लपवायचं कोणापासून? मी म्हटलं, "चालेल."

१० सप्टेंबर

मी म्हटलं, पितृपक्ष चालू आहे, या दिवसांत घर बदलत नाहीत. तो थक्क होऊन बघायला लागला. "तू? तू कधीपासून हे मानायला लागलीस?"

"मी नाही. आईंना वाटेल म्हणून."

"आईला मी सांगितलंय."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अमितचा फोन. विसर्जनानंतर रंगीत पाणी उपसून नवीन भरलं, ते त्याला कळवलं होतं. आता मुरलं असेल, मासे कधी आणू? मी म्हटलं सांगते.

मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. दोन महिने मी इथे मापं आणि कप्पे आणि फिल्म लिहीत बसले. मला तो जायला नकोय.

१४ सप्टेंबर, रविवार

"जाऊ नकोस" म्हणाले. दारात. तो म्हणाला, आता सांगतेस? मी म्हटलं, तू कधी विचारलंस? मग जे काही सुटलो आम्ही! डॉक्टर, दवाखाने, तो एकदाही रडला नाही ते, मी त्याला जवळ येऊ दिलं नाही ते, सगळं, ओरडून ओरडून, दार सताड उघडं, मजल्यावरचे सगळे बाहेर. तो रडला. मीही. आत्ता तो बाथरूममध्ये तोंड धुतोय. अक्षर बघ काय आलंय. बॅग दारातच आहे, भरलेली. कुकर लावलाय. दोघांचा.