आढीतलं मशीन

जामसंडे,
१२ मे २०२४

चि. सुभद्रेस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. हापूस यंदा उशिरा आला, पण आढी लागली आहे. पिकले की पेटी पाठवते. गुडघ्यांना तेल लाव.

हे पत्र एकटीनेच वाच. तुझ्या सुनेच्या हाती देऊ नकोस, सुना सगळ्या एक असतात.

आमची शर्मिला तिकडे कसालला माहेरी आली आहे. सहजच. बाजारात भेटली तर माझ्याविषयी काय सांगते ते ऐकून घे, आपण होऊन काही विचारू नकोस.

बरं, सांगतेच. ती आणि माझा सुशांत ओटीवर हळू बोलायची आणि मी गेले की गप्प. हापूसची कलमं व्यापाऱ्याला द्यायचा बेत शिजत असणार. त्यात माझ्या कानाच्या मशीनचं गौडबंगाल. झोपताना मी सेलचं झाकण घट्ट लावायची, तर सकाळी झाकण उघडं आणि सेल वेगळा. म्हणून मशीन आढीत, आंब्यांखालच्या पेंढ्यात खुपसायला लागले. तिथे कोण हात घालतंय? तरी सकाळी झाकण उघडंच.

शेवटी शेजारणींसमोर तिला बोलले, "माजो सेल तूच काढतंस, तुमचा बोलणा माका ऐकाक येऊ नये म्हणान." ती पिशवी भरून निघून गेली. चोराच्या मनात चांदणं, असं मी सगळ्यांना सांगितलं. चार-पाच दिवसांत मशीन बंद पडलं. जाताना काहीतरी करून गेली, असंही सांगितलं.

सुशांतने ते दुरुस्तीला नेलं. परत आला तो माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, अख्ख्या वाडीने ऐकलं.
"आये, आत गंज चढलो हा. आढीच्या उबेन आणि घामान खाल्ल्यान तेका. शर्मिला रोज राती तां काढून, पुसून, आतली ओल सुकाक झाकाण उघडून सुक्या डब्यात ठेवी. तू उठाच्या आदी परत पेंढ्यात. ती गेली नि मशीन गेला."
मी म्हटलं, मग मला सांगायला काय झालं होतं?
"सांगल्यान असता तर तू जागा बदललंस असतंस."

बदलली असतीच.

यातही काही काळंबेरं असेल म्हणून दोन दिवस डोकं चालवलं. सापडलं नाही. सुशांत त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, ताट वाढतो आणि जातो.

सुभद्रे, बाजारात भेटायची वाट बघू नकोस, तिच्या घरीच जा. सासू चुकली म्हणून सांग, तिच्या आईसमोर सांग. मला तिच्याशिवाय करमत नाही, हेही सांग.

मशीन काल दुरुस्त होऊन आलं. ती येत नाही म्हणाली तर मला पत्राने कळव, फोन करू नकोस. फोनवर आता मला सगळं स्वच्छ ऐकू येतं.

तुझी ताई,
सावित्री