देवीचा निवद आणि माझे गुडघे

सातारा, सोमवार
डिसेंबर १९४५

तीर्थस्वरूप थोरल्या जाऊबाई विजयमालाआक्का यांना धाकट्या लीलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळे सुखरूप आहोत. तुमचे दीर अजून पहाटे उठून परेडला निघाल्यासारखे अंगणात फिरतात आणि मग दिवसभर कंबर धरून बसतात. तुमच्याकडे गुऱ्हाळ लागलं असेल. काहिलीच्या धुरानं तुम्हाला खोकला होतो, तेव्हा फार पुढे बसू नका. तुमचे गुडघे कसे आहेत? (हे विचारायला मला खरं म्हणजे तोंड नाही. का, ते पुढे कळेल.) बाबा सयाजी, आईला पत्र तूच वाचून दाखवत असशील. इथवर सोप्यात वाचलंस तरी हरकत नाही. पुढचं आत नेऊन वाच आणि दार लोटून घे.

आक्का, मी उन्हझऱ्याला जाऊन आले. तेच पाटणच्या पलीकडचं, डोंगराच्या पोटातलं गाव, जिथे जमिनीतून कढत पाणी येतं. गेल्या दिवाळीपासून तुम्ही म्हणत होता, "लीला, एकदा त्या पान्यात पाय सोडून बसू गं दोघी." आणि मी तुम्हाला कळवलं होतं, की तिथलं पाणी यंदा आटलं आहे. पाणी आटलं नव्हतं. आमच्या महिला मंडळातल्या डॉक्टरीणबाई माझ्याबरोबर यायच्या होत्या, आणि तुमची मिशरी, तुमचं ते कांदा-भाकरीचं गाठोडं, मोटारीत परक्या माणसालाही "कुणाचा रं तू?" म्हणून विचारणं, या सगळ्याची मला त्यांच्यापुढे लाज वाटली. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी ही अशी आहे. (डॉक्टरीणबाई आल्याच नाहीत. त्यांना पडसं झालं.)

तेव्हा एकटीच निघाले. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती सर्व्हिस मोटार चढ आला की थांबायची, आणि उतारू खाली उतरून ढकलायचे. शेवटचे दोन कोस बैलगाडी. गावात पोचले तेव्हा ऊन छान पडलं होतं आणि झऱ्यामागचा डोंगर समोर उभा होता. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात असताना आमच्या मदर आम्हाला दर शनिवारी पठारावर चालायला न्यायच्या. पांढरे मोजे, दोघी-दोघींची रांग, करवंदांना हात लावायचा नाही. त्या म्हणायच्या, चालण्यानं सांधे मोकळे होतात. ते आठवलं आणि मला हुरूप आला. आधी डोंगर, मग स्नान, असं ठरवलं. तुमच्या दिरांचे पलटणीतले बूट मी बरोबर नेले होते. (त्यांना अजून माहीत नाही. ते बूट सध्या कोठीत धान्याच्या कणगीमागे आहेत, एकाचा तळ सुटला आहे.) त्यात दोन-दोन मोजे घातले, तरी पाय आत वेगळे चालत होते आणि बूट वेगळे. दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेले. तिथून सगळं खोरं दिसत होतं, आणि खरं सांगते, तिथे बसून मला तुमचीच आठवण आली. तुम्ही असता तर पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढले असते. खाली आले ती जवळजवळ बसत बसतच. दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते.

तिथे पाण्याची तीन कुंडं आहेत. खालची दोन स्नानाची. वरचं देवळाला लागून आहे आणि त्यातून नुसत्या वाफा येतात. मला सर्वांत जवळचं ते वरचं पडलं. आसपास कोणी नव्हतं. काठावर लाकडाच्या खुंट्या होत्या आणि त्यांना दोरीनं बांधून पांढऱ्या फडक्यांच्या पुरचुंड्या पाण्यात सोडल्या होत्या. ते पाहून मला फार कौतुक वाटलं. खेड्यातली माणसं असून शेकाची केवढी सोय करून ठेवली आहे, म्हटलं. दोन पुरचुंड्या वर ओढल्या, जरा निववल्या, लुगडं वर घेऊन एकेका गुडघ्यावर ठेवल्या आणि रुमालांनी घट्ट आवळल्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू. डोळे मिटून बसले. ऊन ऊन भाताचा वास येत होता, तेव्हा वाटलं, गावात कुठे तरी पंगत असेल.

डोळे उघडले तर समोर साळूबाई. देवीची पूजा ज्या गुरवाकडे आहे त्याची ही बायको. हातात परात. ती कितीतरी वेळ माझ्या गुडघ्यांकडेच बघत होती.

"आवं बाई," ती म्हणाली, "गुडघ्याला द्येवीचा निवद बांधलासा व्हय?"

आक्का, त्या कुंडात देवीच्या नैवेद्याचा भात शिजतो. दुसऱ्या विस्तवावरचा देवीला चालत नाही. सकाळी घरोघरचे तांदूळ फडक्यात बांधून सोडतात आणि वर येईपर्यंत कोणी हातसुद्धा लावत नाही. मंडळात स्वच्छतेवर व्याख्यानं देणारी मी तो नैवेद्य गुडघ्यांना बांधून बसले होते. डाव्या बाजूची गाठ सुटून शितं पोटरीवर ओघळली होती.

"कुनाच्या तुमी? गाव कंचं?" साळूबाईनं विचारलं.

मी म्हणाले, "विजयमाला. पलूसची."

का म्हणाले? आज तीन दिवस याचाच विचार करते आहे. मी सोळा वर्षांची लग्न होऊन आले, चुलीपुढे कधी बसले नव्हते, आणि पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांचा अख्खा भात करपवला. सासूबाई आत आल्या तेव्हा तुम्ही पदरानं माझं तोंड पुसत म्हणालात, "माज्या हातनं झालं." मग विरजण नासलं तेव्हाही, मामंजींचा तांब्या आडात पडला तेव्हाही. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक चुकीवर तुमचं नाव आहे. त्या दिवशी तोंडाला तेच आलं.

साळूबाई रागावली नाही, हेच वाईट झालं. "ह्या वयात एकल्याच आलासा? संगं कुनी न्हाई?" असं म्हणून तिनं मला हाताला धरून खालच्या कुंडावर नेलं, पायांना तेल चोळलं, जेवायला वाढलं. "विजयमालाबाई, लाजू नगा, घ्या." माझ्या स्वतःच्या नावावर माझं इतकं कोणी केलेलं नाही. फक्त एक रीत तिनं सांगितली. ज्याच्या हातून निवद विटाळला, त्यानं पुढच्या शुक्रवारी स्वतःच्या हातानं गाठ बांधून देवीचा भात शिजवायचा, मग काही दोष राहत नाही. मी हो म्हणून आले.

तर शुक्रवारी मी जाणार आहे आणि सगळ्यांसमोर माझं खरं नाव सांगणार आहे. झाली तेवढी लाज पुरे. तुमची क्षमा मागण्यापुरतंच हे पत्र लिहिलं. दुसरं काही मागणं नाही.

तुमचीच,
लीला

ता. क. पुरचुंडीची गाठ कशी बांधतात, ते मला येत नाही. सैल बांधली तर भात पाण्यात जातो आणि घट्ट बांधली तर फुगत नाही, असं साळूबाई म्हणाली. तुम्ही गुरुवारी निघून कऱ्हाडला आलात, तर मी तिथे तुम्हाला उतरवून घेईन. मिशरी आणा, गाठोडं आणा. मोटारीत ज्याची चौकशी करायची त्याची करा. मी तुमच्याच शेजारी बसेन.

दुसरी ता. क. एक लिहायचं राहिलं. साळूबाईचा भाऊ बिराप्पा बुधवारी गूळ घ्यायला तुमच्याच बाजूला येणार आहे. त्यानं मला पाहिलेलं नाही. विजयमालाबाईंच्या पायांची चौकशी करून ये, असं तिनं त्याला माझ्यासमोर बजावलं, आणि घर कुठे ते मीच सांगितलं. खरं बोलायला मला शुक्रवारपर्यंत वेळ हवा आहे. तेव्हा हे पत्र वाचताना तो सोप्यात बसलेला असेल, तर बाहेर जाताना जरा लंगडा. डावा पाय. तुम्हाला त्यासाठी सोंग करावं लागणार नाही, हे लिहिताना आत्ता माझ्या लक्षात आलं.