बुंदीचा सांभाळ

चंद्रपूर
१६ जून २०२४

ती. केशरआत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

मी इथं सुखरूप पोचले. खोली बरी आहे, बँक चालत दहा मिनिटांवर आहे आणि ऊन आपल्या परभणीला मागं टाकणारं. घरमालकीणबाई स्वभावानं चांगल्या, पण मांजराचं नाव काढलं की त्यांचा चेहराच बदलतो. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा बुंदीसाठी तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचलंच नाही. तिला सोनपेठला तुमच्या दारात सोडून बसमध्ये बसले तेव्हा मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, आणि कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून तुम्ही ते कपाटात ठेवून दिलंय. म्हणून सगळं लिहूनच कळवते. पहिले पंधरा दिवस तिला मधल्या खोलीतच ठेवा. नवी जागा अंगवळणी पडायच्या आत बाहेर गेली तर परभणीचं घर शोधत निघेल. कोंबडीचं मटण बिनमिठाचं, नुसतं उकडून द्यायचं. कांदा-लसूण लागलेलं काही देऊ नका, ते मांजराला बाधतं. दूध मागेल, पण देऊ नका, तिला जुलाब होतात. वाळूची पाटी जेवणाच्या ताटलीपासून लांब असू द्या. लस ऑगस्टअखेरीस आहे. आणि पंधरा दिवसांनंतरही बाहेर सोडू नका. शेजारी बन्सीधरकाकांचं सोयाबीनचं गोदाम आहे, तिथं उंदीर असणार, आणि उंदीर असले की औषधही असणार.

फार सूचना झाल्या, रागावू नका. चार वर्षांपूर्वी बँकेच्या जुन्या फायलींत सापडली तेव्हा ती माझ्या मुठीत मावत होती.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असाच राहू द्या.

तुमची,
संघप्रिया


सोनपेठ
२६ जून २०२४

चि. संघप्रियास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. चौतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, गल्लीतली अर्धी माणसं माझ्या झोळीत वजन करून मोठी झाली, पण एवढ्या सूचना मला एकाही आईनं दिल्या नव्हत्या.

तुझी बुंदी तीन दिवस पलंगाखाली होती. खाल्लं नाही, प्याली नाही. मी ओढून काढली नाही. अंगणवाडीत नवं लेकरू आलं की मी असंच करायची, त्याच्याकडं बघायचंच नाही, आपलं काम करत राहायचं. पलंगाजवळ खाली बसून पेपर वाचला, शेंगा फोडल्या. चौथ्या दिवशी सकाळी आली आणि पेपरवरच बसली. तेव्हापासून मला आतल्या पानावरच्या बातम्या काही वाचायला मिळाल्या नाहीत.

आमचा मोडीत निघालेला जुना झोळीचा काटा मी घरी आणून ठेवलेला आहे. तो दाराच्या कडीला टांगून बुंदीला झोळीत घातलं. तीन किलो आठशे. दर रविवारी वहीत मांडायलेय. झोळीत बसल्यावर तोंड असं करते की जणू मी तिचा लय अपमान केला.

स्वयंपाकघरात तिला येऊ देत नाही, हे आधीच सांगते. तू तिला डोक्यावर चढवून ठेवलीस.

तब्येत सांभाळ, वेळेवर जेव. माया आहेच, ती सांगायला नको.

तुझी,
केशरआत्या


चंद्रपूर
५ जुलै २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र बँकेत वाचलं आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना झोळीची गोष्ट सांगितली तर त्याही हसल्या. माझा जीव भांड्यात पडला. दर पत्रात वजन तेवढं लिहीत जा. मला इथं दुसरं काही नको.

इथं करमत नाही, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी कुलूप काढताना अजून पायाकडं बघते, कुणी निसटून बाहेर तर जात नाही ना म्हणून.

स्वयंपाकघराचं मी काही बोलत नाही. महिन्याभरानं तुम्हीच सांगाल.

लोभाची कायम हक्कदार,
संघप्रिया


सोनपेठ
११ ऑगस्ट २०२४

चि. संघप्रियास,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. इकडं पाऊस बरा आहे, सोयाबीन कमरेला लागलं म्हणतात. बाजारात दोडकी स्वस्त झाली. आमच्या अंगणवाडीतल्या बायनाबाईची गाठ पडली होती, ती आता परभणीला लेकाकडं असते, तुझी चौकशी केली. शेजारच्या सुमनबाईंच्या नातवाचा वाढदिवस झाला, केक आणला होता, मला गोड चालत नाही तरी एक तुकडा खाल्ला. माझा गुडघा अधूनमधून धरतो, पण फिकीर करण्यासारखं काही नाही.

बाकी सगळं ठीक. तू तुझी काळजी घे.

तुझी,
केशरआत्या


चंद्रपूर
१९ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. त्यात दोडकी आहेत, केक आहे, गुडघा आहे. वजन नाही. बुंदीचं नावसुद्धा नाही.

मी सुमनकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुझ्या आत्याच लिहितील काय ते, आणि फोन ठेवला. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. परवा एका माणसाला दुसऱ्याचंच पासबुक दिलं.

आत्या, जे असेल ते लिहा. ती गेली असेल तर तसं लिहा.

संघप्रिया


सोनपेठ
२५ ऑगस्ट २०२४

चि. संघप्रियास,
आशीर्वाद.

आधी हे वाच, बुंदी जिवंत आहे. आत्ता माझ्या पायाशी बसून अंग चाटायलीय. आता बाकीचं सांगते. मागच्या वेळी तीनदा कागद घेतला आणि तिन्ही वेळा दुसरंच लिहीत गेले.

जुलैच्या शेवटी सुमनबाई ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. मला कळावं म्हणून तोंड जवळ आणून म्हणाल्या, “बाई, तुमचं मांजर दिवसभर खिडकीत बसून रडायलंय. तुमाला कसं ऐकू येत न्हाई?” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझं जेवणावरचं मन उडालं. कोणतं लेकरू भुकेनं रडतं आणि कोणतं आईसाठी, हे मला पाठमोरी असताना कळायचं. आणि माझ्याच घरात एक जीव महिनाभर रडत होता, मी शेजारी बसून खुशाल शेंगा फोडत होते. त्या दिवशी मी मागचं दार उघडलं. चुकून उघडं राहिलं असं मी सुमनबाईंना सांगितलं, पण तुला खरं सांगते. मी उघडलं.

पाच दिवस ती शेपटी वर करून जायची आणि दिवेलागणीला परत यायची. मला वाटलं, आपण बरं केलं. सहाव्या दिवशी ती पेटीमागं जाऊन बसली. खाईना. ओठ वर करून बघितला तर हिरड्या पांढऱ्याफटक, आणि दातांच्या कडेला रक्त. काट्यावर घातली तर तीनशे ग्रॅम कमी. मी तशीच बन्सीधरभाऊंच्या दारात गेले. त्यांनी गोदामात उंदरांचं औषध टाकलं होतं. मेलेला उंदीर तिनं खाल्ला असणार. ते आत गेले आणि औषधाचं वेष्टन शोधून आणून माझ्या हातात दिलं. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी ते बघितलं आणि आत्ताच्या आत्ता परभणीला न्या म्हणाले. बन्सीधरभाऊंनीच मोटारसायकलवर स्टँडला सोडलं.

भाजीच्या टोपलीत तिला ठेवून, वर लुगडं बांधून बसमध्ये बसले. तिचा श्वास मला ऐकू येईना, म्हणून टोपलीत हात घालून सगळा रस्ता तिच्या छातीवर ठेवला. दोनदा हात काढावा लागला, तिकिटासाठी एकदा आणि उतरताना एकदा.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी वेष्टन वाचलं. ते औषध रक्त गोठू देत नाही, आतल्या आत रक्त जातं. कोणतं औषध ते कळल्यामुळं उपाय लगेच करता आला, असं त्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं. इंजेक्शनं दिली. दोन दिवस बायनाबाईकडं राहिले आणि रोज नेत होते. नंतर चार आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, तुपकट घासातून द्यायच्या. आजवर एकही चुकवली नाही.

तुला त्याच दिवशी कळवता आलं असतं. सुमनबाई फोन लावते म्हणाल्या होत्या, मीच नको म्हटलं. मला तुझी भीती वाटली. या वयात माणसाला भाचीची भीती वाटते, हे मला मालूम नव्हतं.

केशरआत्या


चंद्रपूर
३१ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

बुंदी वाचली, तुम्ही धावपळ केलीत, हे मला कळतं. तरी मला राग आलाय आणि तो लपवून गोड पत्र लिहिणं मला जमणार नाही. दाराचा आहेच, पण त्याहून जास्त या गोष्टीचा की ती मरायला टेकली होती आणि मी इथं निवांत वरणभात खात होते. तुम्ही मला दोडक्यांचा भाव लिहिलात.

परभणीला माझी मैत्रीण राजेश्री आहे, तिसऱ्या मजल्यावर राहते, तिच्याकडं आधीच एक मांजर आहे. ती बुंदीला ठेवायला तयार आहे. गोळ्या संपल्या की तिच्याकडं पोचवा. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

संघप्रिया


सोनपेठ
७ सप्टेंबर २०२४

चि. संघप्रियास,
आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. त्यावर मी काही लिहीत नाही.

गोळ्या गेल्या शनिवारी संपल्या. मंगळवारी पुन्हा परभणीला नेऊन रक्त तपासलं, ते आता ठीक गोठतंय. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय की महिनाभर तिला आहे त्याच घरात शांत राहू द्या, लसही त्यानंतर. म्हणून दसऱ्यापर्यंतची मुदत मागते. तेव्हा तुला सुट्टी असते. तू ये आणि तुझ्या हातानं ने. मी राजेश्रीच्या घरी सोडून रिकामी टोपली घेऊन बसमध्ये बसू शकणार नाही, एवढं माझ्याकडून होणार नाही.

मागच्या पडवीला वरपासून खालपर्यंत जाळी मारून घेतली. गोदावरीवर मासे धरणाऱ्यांकडून जाडं जाळं आणलं. आत फळी ठोकलीय, ती तिथं उन्हात पडते आणि चिमण्या बघते. बन्सीधरभाऊंनी औषध बंद करून पिंजरे आणलेत. मी सांगायच्या आधीच आणले.

एक गोष्ट मात्र मला खाते. ती अजूनही ओरडत असेल आणि मला कळत नसेल. म्हणून मी दर थोड्या वेळानं हातातलं काम ठेवून तिला बघून येते. मशीनही लावून बघितलं, पण त्यात पंख्याचाच आवाज येतो.

वजन तीन किलो सातशे.

तुझी, मानशील तर,
केशरआत्या


चंद्रपूर
२० ऑक्टोबर २०२४

ती. केशरआत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

मी सुखरूप पोचले. दसऱ्याला तुमच्याकडून निघताना बुंदीला घेऊन गाडीच्या गर्दीत कशी जाऊ, राजेश्रीपण गावाला गेलीय, असं काहीतरी म्हणून मी रिकामी टोपली तुमच्या माळ्यावर ठेवून आले. ते खोटं होतं. राजेश्री घरीच होती आणि मला न्यायला स्टँडवर येणार होती. मीच तिला येऊ नको म्हणून कळवलं. का, ते तुमच्यासमोर सांगायला गेले असते तर रडू आलं असतं, आणि तुम्हाला माझे ओठ वाचता आले नसते. म्हणून लिहिते.

मी आले तेव्हा तिला न्यायचं ठरवूनच आले होते. पडवीची जाळी बघितली, औषधाच्या वेळा लिहिलेली वही बघितली, तरी माझं ठरलेलं होतं. ती स्वयंपाकघरात तुमच्या पोळपाटाशेजारी बसलेली दिसली, तेव्हासुद्धा मी काही बोलले नाही.

पण पहिल्या संध्याकाळी एक गोष्ट ध्यानात आली. बुंदी मला बघून ओरडली, परभणीला ओरडायची तशीच, लांबलचक. सुमनकाकू दारात आल्या, त्यांच्याकडं बघून ओरडली. जाळीबाहेर चिमणी बसली तरी तिचं तोंड चालू. मग तिला भूक लागली आणि ती तुमच्याकडं आली. तुम्ही भाकरी थापत होता. ती गप आली, तुमच्या पावलावर पंजा ठेवला आणि तुम्ही खाली बघेपर्यंत तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी संपलं तेव्हा तेच. पडवीचं दार लागलं तेव्हा तेच, तुम्हाला शोधत आली आणि पंजा ठेवला.

तुम्ही लिहिलं होतं की ती ओरडत असेल आणि तुम्हाला कळत नसेल. मी दोन दिवस मुद्दाम कान देऊन बसले होते, आत्या. ती सगळ्या जगाशी ओरडून बोलते. तुमच्याशी एकदाही ओरडली नाही. तुम्हाला ऐकू येत नाही हे तिला कळलंय, आणि तुमच्याशी कसं बोलायचं ते तिनं शोधून काढलंय.

तेव्हा आता उठून उठून बघायला जाऊ नका. तिला काही हवं असलं की ती येईल.

माझ्यावरही थोडी माया शिल्लक ठेवा.

तुमचीच,
संघप्रिया