पपांची तापमानाची वही

गिरीज, ६ जून २००४

प्रिय रॉबर्ट,

तुझं पाकीट मिळालं. पपा गेले त्याबद्दल दोन ओळी आणि त्यांच्या तापमानाच्या वहीबद्दल दीड पान. वाचलं नि चहा तसाच टाकून वाडीत जाऊन बसले. मयताला यायला तुला तिकीट मिळालं नाही, महिन्याच्या मिस्सेच्या प्रार्थनेला सुट्टी मिळाली नाही. वही रजिस्टरने पाठव, भिजू देऊ नकोस, हे लिहायला मात्र वेळ मिळाला. वा रे शहाण्या!

तू दापोलीला शेतकी शिकत होतास. एका सुट्टीत लिंबाच्या फांदीवरचे तपकिरी ठिपके नखाने खरवडून म्हणालास, ही खवले कीड, झाडाचा रस पिते. मग पपांच्या हातात भिंग देऊन एका खवल्यावरचं गोल भोक दाखवलंस. तिळाहून बारीक माशी त्यात अंडं घालते, तिचं पिल्लू किडीला आतून खाऊन बाहेर पडतं. पपा लहान पोरासारखे हसले होते. आपल्याच वाडीत एवढं चालतं नि आपल्याला पत्ता नाही, असं दिवसभर सगळ्यांना सांगत होते. तू झाडाला थर्मामीटर टांगलास नि त्यांच्याकडून धडा पाठ करून घेतलास. पारा चौतीसच्या आत असेल तोवर माशी किडीला पुरून उरते. त्यावर गेला की कीड तग धरते, माशी मात्र दोन दिवसांत मरते. औषध मारू नका, माशीच आधी मरेल. रोज दुपारी नोंद ठेवा, मी येऊन बघतो. एवढं सांगून ऑस्ट्रेलियाला गेलास. सांगणाऱ्याचं काय जातं?

पुढच्याच वर्षी शेजारची वाडी विकली गेली. फणस, आंबे सगळे तोडले आणि आपल्या कुंपणाला लागून चार मजली इमारत उभी राहिली. दुपारचं ऊन तिच्या भिंतीवर पडायचं नि सगळी धग आपल्या लिंबांवर यायची. फांद्या किडीने भरल्या, पानं काळी पडली. सेबेस्टियनकाका फवारणीचा पंप पाठीला लावून आले, म्हणाले, एकदा मारू दे, झाडं तरी वाचतील. पपांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं आणि वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. त्याऐवजी भिंतीकडेने बांबू रोवले, त्यावर गोणपाटं टांगली आणि भर दुपारी विहिरीचं पाणी आणून ती भिजवत बसले. बहात्तराव्या वर्षी! मी ओरडले तर म्हणाले, माशीला गारवा नको का? रॉबर्टचा बाप माश्यांना आंघोळ घालतो, असं चर्चच्या पायरीवर लोक बोलायचे. मला लाज वाटायची. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

त्या भिंतीबद्दल मी तुला दोनदा कळवलं होतं, आठवतं? काय करू ते सांग, निदान एकदा येऊन बघ, असं विनवलं होतं. नाताळच्या कार्डावर तुझं उत्तर आलं: फार उपयोगी माहिती मिळेल, नोंदी चालू ठेवा. ते कार्ड पपांनी घरच्या आल्तारीजवळ, येशूच्या तसबिरीखाली लावलं. सव्वीस झाडांतली आता चार उरलीत, त्यांनाही लिंबू धरत नाही.

आता वहीचं ऐक, त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. तू लिहितोस, पपांनी पत्रांतून कळवलेले आकडे बघता एवढी वर्षं पारा चौतीसच्या आत असूनही झाडं मेली, हे मोठं नवल आहे, यावर प्रबंध होईल. होणार नाही. तीन वर्षांपूर्वी पपांना मोतीबिंदू झाला, तेव्हापासून पारा मी वाचायची. मी अडतीस सांगायची, ते तेहतीस लिहायचे. मी चाळीस म्हणायची, ते पुन्हा तेहतीसच लिहायचे. मी भांडले, तेव्हा कळलं की भिंत उभी राहिल्यापासून ते हेच करत होते. म्हणाले, खरा आकडा लिहिला तर रॉबर्ट म्हणेल, वाडी संपली, आता जाऊन काय बघायचं. शेवटच्या दिवशी त्यांच्याने पेन धरवेना. मी थर्मामीटर बघून आले, त्यांच्या उशाशी बसले आणि वही उघडली. पारा एकोणचाळीसवर होता. मी बत्तीस लिहिलं आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग येईल तो.

वही पाठवत नाही. हवी असेल तर येऊन घेऊन जा.

तुझीच बहीण,
कार्मिन